शेअर घेताय? आधी कंपनीचा ‘सातबारा’ काढा!

चाकणच्या कारखान्यात दोन-तीन मजूर, शेअर मात्र लाखभर लोकांच्या खात्यात. अभ्यास किती करायचा आणि कुठे थांबायचं?

विशेष विश्लेषण

गावात कुणी दोन एकर रान विकायला काढलं तर घेणाऱ्याला काही शिकवावं लागत नाही. तो आधी सातबारा काढतो. ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का ते बघतो. फेरफार चाळतो. बांधावर जाऊन शेजाऱ्याला हळूच विचारतो, “वाट कुठून आहे? विहिरीत हिस्सा किती? भावाभावांत काही वाद?” वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो. मग कुठं इसाराचे पैसे हातावर ठेवतो.

तोच माणूस सोयाबीनचे पैसे खात्यात आले की मोबाईलवर दोन मिनिटांत चाळीस हजारांचे शेअर घेऊन मोकळा होतो. कंपनी काय बनवते, माहीत नाही. कारखाना कुठं आहे, माहीत नाही. डोक्यावर कर्ज किती, माहीत नाही. माहीत असतं एवढंच, की ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, “हा डबल होणार.”

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटा तुकडाच. रानाचा तुकडा घेताना आपण जी अक्कल वापरतो, ती इथं का वापरत नाही? आणि वापरायची ठरवली तर किती खोलात जायचं? तीनशे पानांचा इंग्रजी अहवाल सगळा वाचायचा का? गेल्या काही वर्षांत जे घडलं, त्यावरून या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर देता येतं.

खाती वाढली, वाचणारे वाढले नाहीत

मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. २०२५ मध्ये हा आकडा २० कोटींच्या पुढे गेला. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरलं, तरी वाढ प्रचंड आहे. आणि नोंदणी झालेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र देशात पहिला आहे. आधार, पॅन आणि बँक खातं असलं की तालुक्याच्या गावी बसून खातं उघडतं. यात वाईट काहीच नाही. पूर्वी शेअर हा मुंबईच्या माणसाचा विषय होता, तो आता आपलाही झाला.

अडचण वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या ‘रिसोर्सफुल ऑटोमोबाईल’ या कंपनीचा आयपीओ आला. धंदा काय, तर दुचाकीच्या दोन शोरूम. कामगार आठ. कंपनीला पाहिजे होते सुमारे १२ कोटी रुपये. लोकांनी अर्ज टाकले जवळपास ४,८०० कोटींचे! कंपनीने लपवलं काहीच नव्हतं. शोरूम किती, माणसं किती, सगळं कागदावर छापलेलं होतं. पण अर्ज टाकणाऱ्या किती जणांनी तो कागद उघडला असेल? शेअर ११७ रुपयांना दिला गेला आणि बाजारात पहिल्या दिवशी ११७ लाच उघडला. पहिल्याच दिवशी मोठा फायदा होईल म्हणून थांबलेले तसेच राहिले.

चाकणला काय सापडलं?

याहून मोठा धडा आपल्याच राज्यातला आहे. ‘जेनसोल इंजिनिअरिंग’ ही अहमदाबादची कंपनी. सौर प्रकल्पांची कामं करायची, शिवाय इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने द्यायची. पुण्याजवळ चाकणला तिचा इलेक्ट्रिक वाहनांचा कारखाना असल्याचं सांगितलं जात होतं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअर बाजाराला कळवलं, की आमच्या नव्या गाडीला ३० हजार आगाऊ ऑर्डर मिळाल्या. ऐकणाऱ्याला वाटणारच, की आता शेअर धावणार.

९ एप्रिल २०२५ ला एनएसईचा एक अधिकारी चाकणला प्रत्यक्ष जाऊन आला. तिथं कसलंही उत्पादन सुरू नव्हतं. दोन-तीन मजूर तेवढे होते. मग विजेचं बिल तपासलं. मागच्या बारा महिन्यांतलं महावितरणचं सगळ्यात मोठं बिल निघालं सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं. कारखान्यात काम चालू आहे की नाही, हे वीजबिलावरून कळतं. पिठाची गिरणी चालवणाराही हे सांगेल.

त्या ३० हजार ऑर्डरींचं काय? सेबीच्या अंतरिम आदेशात नोंद आहे, की ते नऊ संस्थांबरोबरचे समजुतीचे करार होते, २९ हजार गाड्यांचे. त्यात ना गाडीची किंमत, ना द्यायची तारीख. “बघू, घेऊ कधीतरी” असं म्हणण्याला आपण सौदा झाला म्हणत नाही. व्यापारी बांधावर येऊन “माल चांगलाय” म्हणाला, म्हणजे माल विकला गेला असं कुठं असतं?

पुढचं जास्त गंभीर आहे. ६,४०० गाड्या घ्यायच्या म्हणून कंपनीने दोन सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज उचललं. गाड्या घेतल्या ४,७०४. सेबीच्या म्हणण्यानुसार बाकीच्या पैशांना पाय फुटले आणि त्यातली काही रक्कम दिल्लीजवळ गुरुग्राममध्ये आलिशान फ्लॅट घ्यायला वापरली गेली. १५ एप्रिल २०२५ ला सेबीने अंतरिम आदेश काढून कंपनीच्या दोन्ही प्रमोटरांना बाजारातून दूर केलं. जून २०२४ मध्ये ११०० रुपयांच्या वर असलेला शेअर तोवर १३० च्या आसपास आला होता. जून २०२५ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

मार्च २०२० च्या सुमारास या कंपनीत बाहेरचे भागधारक दीडशेच्या आसपास होते. प्रकरण फुटलं तेव्हा ते एक लाखाच्या वर गेले होते. म्हणजे शेअर चढत असताना आणि नंतर पडत असतानाही नवी माणसं आत येतच राहिली.

आधी कळलं असतं का?

चाकणला जाऊन कुलूप बघणं प्रत्येकाला जमणार नाही. वीजबिल तर कुणी दाखवणारच नाही. पण काही गोष्टी मोबाईलवर फुकट दिसत होत्या.

पहिली गोष्ट, प्रमोटरांचा हिस्सा. २०२० मध्ये तो ७० टक्क्यांच्या वर होता, तो घटत घटत ३५ टक्क्यांवर आला. मालकच रान विकून निघालाय आणि आपण त्याच गटात रान घेतोय, असा तो प्रकार. दुसरी, प्रमोटरांचे शेअर कर्जापोटी तारण होते. तिसरी, मार्च २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात केअर आणि इक्रा या दोन्ही रेटिंग संस्थांनी कंपनीला ‘डी’ श्रेणी दिली. ‘डी’ म्हणजे कर्जाचे हप्ते थकले. सेबीचा आदेश त्यानंतर जवळपास सहा आठवड्यांनी आला. एवढ्या अवधीत जागा झालेल्याचं नुकसान झालं असतं, पण थोडं तरी वाचलं असतं.

म्हणजे किमान अभ्यास केला असता तर सगळं नाही, पण बरंच कळलं असतं. तो किमान अभ्यास कुठला?

कंपनीच्या सातबाऱ्यावर काय बघायचं?

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. कंपनीचे कागद मात्र पूर्ण फुकट आहेत. बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाईटवर कंपनीचं नाव टाकलं की सगळं निघतं. बरंचसं इंग्रजीत असतं, हे खरं. घरात कुणी बी.कॉम.चं शिकत असेल तर त्याला शेजारी बसवा. त्याचाही अभ्यास होईल.

१. कंपनी कमावते कशातून? हे दोन वाक्यांत, शेजारच्याला कळेल अशा मराठीत सांगता आलं पाहिजे. ‘एआय’, ‘ग्रीन एनर्जी’, ‘डिफेन्स’ हे शब्द म्हणजे धंदा नव्हे. काय विकते, कोणाला विकते, पैसे कोण देतं, एवढं सांगता येत नसेल तर तिथंच थांबा.

२. मालकाचा हिस्सा आणि तारण. वेबसाईटवर ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ नावाचा तक्ता दर तीन महिन्यांनी येतो. प्रमोटरचा हिस्सा वाढतोय की घटतोय, आणि त्यातले किती शेअर तारण आहेत, हे त्यात असतं. तारण का बघायचं? सोनं तारण ठेवून कर्ज काढलं आणि सोन्याचा भाव पडला तर सराफ काय करतो, ते आपल्याला माहीत आहे. इथंही तसंच. शेअरचा भाव पडला की कर्ज देणारा तारण शेअर बाजारात विकून टाकतो. त्यानं भाव आणखी पडतो, मग आणखी शेअर विकले जातात. विहिरीची दरड एकदा ढासळायला लागली की थांबत नाही, तसं होतं.

३. नफा झाला, पण पैसे आले का? कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा. हंगामात दहा लाखांचा माल गेला, वहीत दोन लाख नफा दिसतो. पण सगळी उधारी असेल तर गल्ल्यात काय? कंपनीचंही असंच असतं. ‘कॅश फ्लो’च्या पानावर ‘ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’ अशी ओळ असते. धंद्यातून खरोखर किती पैसा हातात आला, ते तिथं कळतं. नफा दरवर्षी वाढतोय आणि हा आकडा मात्र तीन-चार वर्षं सतत उणे आहे, असं दिसलं तर सावध व्हा. एखादं वर्ष खराब जाऊ शकतं, सलग जाणं बरं नाही.

४. कर्ज आणि रेटिंग. हा सातबाऱ्यावरचा बोजा. कर्ज असणं गुन्हा नाही, पीककर्ज आपणही घेतो. प्रश्न फेडीचा असतो. क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्था कर्जाला श्रेणी देतात आणि ती का दिली याची कारणं वेबसाईटवर छापतात. दोन-तीन पानांचा मजकूर असतो. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ही पानं जास्त खरं बोलतात. श्रेणी खाली आली असेल, किंवा कंपनी माहितीच देत नाही असा शेरा असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

५. ऑडिटर काय म्हणतो? वार्षिक अहवाल तीनशे पानांचा असला तरी ऑडिटरचा अहवाल थोडक्यात असतो. फाईलमध्ये ‘क्वालिफाइड ओपिनियन’ आणि ‘गोइंग कन्सर्न’ हे शब्द शोधा. पहिला असेल तर ऑडिटरला काही हिशेब पटलेला नाही. दुसऱ्या शब्दापुढे शंका लिहिली असेल तर कंपनी पुढं चालेल का, याचीच त्याला खात्री नाही. मुदत संपायच्या आत ऑडिटर राजीनामा देऊन निघून गेला असेल, तर मुनीम मध्येच का पळाला, हे आधी विचारा.

६. घरच्यांशी व्यवहार. अहवालात ‘रिलेटेड पार्टी’ नावाचा भाग असतो. कंपनीचा पैसा मालकाच्या भावाच्या, मुलाच्या, मेहुण्याच्या कंपनीत कर्ज म्हणून किंवा खरेदी म्हणून जातोय का, ते तिथं असतं. पतसंस्था का बुडतात हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. ठेवी गावाच्या असतात आणि कर्जं संचालकांच्या पाहुण्यांची.

७. भाव किती? म्हैस चांगली आहे, मान्य. पण दोन लिटर दुधाच्या म्हशीला कोणी तीन लाख देतं का? एका शेअरमागे कंपनी वर्षाला १० रुपये कमावते आणि शेअर १,००० रुपयांना आहे, तर तुम्ही आजच्या कमाईच्या शंभर वर्षांचे पैसे आगाऊ देताय. यालाच पी-ई म्हणतात. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्यांशी तो ताडून बघा.

हे सातही मुद्दे बघायला सरावाने दोन-तीन तास लागतात. म्हणजे एक संध्याकाळ.

माल चांगला म्हणजे शेअर चांगला?

खेड्यातल्या माणसाला एक फायदा आहे. कुठल्या ट्रॅक्टरचे पार्ट मिळत नाहीत, कुठलं बियाणं उगवत नाही, हे मुंबईच्या हुशार माणसाच्या आधी आपल्याला कळतं. ही माहिती कामाची आहे. पण ती अर्धीच आहे.

उदाहरण घरचंच आहे. जळगावची जैन इरिगेशन. ठिबक म्हटलं की महाराष्ट्रात हेच नाव निघतं. मालाबद्दल शेतकऱ्याला शंका नव्हती. पण कंपनीवर कर्ज फार झालं होतं आणि सरकारी अनुदानाचे, प्रकल्पांचे पैसे उशिरा यायचे. २०१९ मध्ये हप्ते थकले आणि रेटिंग कोसळली. २०१८ च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला शेअर मार्च २०२० मध्ये दहाच्याही खाली गेला. पुढं २०२२ मध्ये बँकांबरोबर कर्जाची फेरमांडणी झाली आणि कंपनी सावरायला लागली. त्या काळात रानातलं ठिबक काही बंद पडलं नाही, पण शेअर घेतलेल्याचे पैसे आटले. दोष मालात नव्हता, बोज्यात होता. म्हणून वरचा चौथा मुद्दा सोडायचा नाही.

‘बातमी’ कुठून आली?

कागद बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, की हे नाव आपल्या कानावर आलंच कसं. जुलै २०२२ मध्ये ‘साधना ब्रॉडकास्ट’ नावाच्या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ फिरले. ही कंपनी अदानी समूह विकत घेणार, अमेरिकेतल्या बड्या कंपनीने चार धार्मिक चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार केलाय, असं त्यात सांगितलं होतं. व्हिडिओंच्या जाहिरातीवर पैसेही ओतले गेले. छोट्या भागधारकांची संख्या काही महिन्यांत सुमारे २ हजारांवरून ५५ हजारांवर गेली. सेबीच्या मार्च २०२३ च्या आदेशात म्हटलंय, की लोक घेत होते तेव्हा काही प्रमोटर आणि मोठे भागधारक चढ्या भावात विकत होते.

या खेळाची रीत ठरलेली आहे. आधी स्वस्तात माल गोळा करायचा, मग हवा करायची, मग गर्दीच्या गळ्यात माल मारायचा. नंतर शेअरला रोज ‘लोअर सर्किट’ लागतं. म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत भाव पडतो आणि त्या भावाला घेणाराच उरत नाही. कांद्याची गाडी मार्केट यार्डात उभी आहे आणि बोलीच लागत नाही, तशी गत. तुम्ही विकायचं म्हणालात तरी विकत नाही.

म्हणून साधा हिशेब ठेवा. करार झाला, कारखाना आला, मोठी कंपनी घेणार, अशी कुठलीही बातमी आली तर ती बीएसई-एनएसईच्या वेबसाईटवर कंपनीच्या ‘अनाउन्समेंट’मध्ये आहे का बघा. तिथं नसेल तर ती बातमी नाही, अफवा आहे. आणि तिथं असली तरी जेनसोल आठवा. ‘ऑर्डर’ आहे की नुसता समजुतीचा करार, किंमत लिहिलीय का, तारीख लिहिलीय का, हे वाचा.

सगळा अभ्यास करूनही फसायला होतं

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कागद खोटेच असतील तर वाचणारा काय करणार?

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की कंपनीच्या हिशेबात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये प्रत्यक्षात नाहीतच. जगातल्या बड्या ऑडिट संस्थेने हिशेब तपासलेले होते. चांगल्या कारभाराचा पुरस्कार काही महिन्यांपूर्वीच मिळाला होता. मोठमोठ्या फंडांचे, पगारी अभ्यासकांचे पैसे त्यात होते. त्या एका दिवसात शेअर १७९ वरून ४० च्या आसपास आला.

तरी एक खूण आधी दिसली होती. त्याच्या तीनच आठवडे आधी, डिसेंबर २००८ मध्ये, सत्यमने राजूंच्या मुलांशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला होता. गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर तो काही तासांत मागं घेतला. म्हणजे सहावा मुद्दा, घरच्यांशी व्यवहार. शिवाय प्रमोटरांचे शेअर तारण होते, ते तेव्हा सगळ्यांना दिसत नव्हते. तारणाची माहिती जाहीर करणं सेबीने सक्तीचं केलं ते सत्यमनंतरच. आज तो तक्ता आपल्याला फुकट दिसतो, त्यामागं तेव्हाच्या लोकांचे बुडालेले पैसे आहेत.

पण खूण दिसणं वेगळं आणि खात्री होणं वेगळं. खात्री कधीच होत नाही. म्हणून ‘किती अभ्यास करू?’ या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडूनच विचारावा लागतो, ‘एका कंपनीत किती पैसे घालू?’ अभ्यासाने फसण्याची शक्यता कमी होते, पण फसल्यावर घर वाचतं ते रक्कम बेताची होती म्हणून. सगळं रान एकाच पिकाखाली आणि सगळी बचत एकाच शेअरमध्ये, दोन्ही सारखंच.

हेही लक्षात ठेवा, की कंपनी बुडाली तर वाटपाच्या रांगेत शेअरवाला सगळ्यात शेवटी उभा असतो. मुंबईची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०२१ मध्ये दुसऱ्या समूहाकडे गेली. कर्ज देणाऱ्यांना काही रक्कम मिळाली, भागधारकांना शून्य. ‘स्वस्त झालाय, वर येईल’ म्हणून शेवटच्या दिवसांत घेणाऱ्यांचे पैसे पूर्ण गेले.

मग नेमकं किती खोल जायचं?

आमच्या मते अभ्यासाची खोली पैशाच्या आकारावरून ठरवावी.

गेले तरी झोप उडणार नाही एवढे, पाच-दहा हजार असतील, तर वरचे सात मुद्दे आणि एक संध्याकाळ पुरेशी आहे. त्याहून जास्त खोदूनही हाती फार काही लागत नाही.

रक्कम हंगामाच्या नफ्याएवढी असेल तर तीन वर्षांचे अहवाल काढा. तीन वर्षांपूर्वी कंपनीने काय करू म्हटलं होतं आणि खरंच काय केलं, ते जुळवा. त्याच धंद्यातली दुसरी कंपनी शेजारी ठेवून बघा. आणि एक तिमाही नुसतं थांबा. पुढचा निकाल येऊ द्या. चांगली कंपनी तीन महिन्यांत पळून जात नाही. ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ असं म्हणणाऱ्याला माल खपवायचा असतो.

आणि पैसा पेरणीचा, मुलीच्या लग्नाचा, शाळेच्या फीचा किंवा व्याजाने काढलेला असेल, तर त्या पैशाला कितीही अभ्यास पुरत नाही. तो बाजारात घालूच नये. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो. तोवर पेरणी थांबत नाही.

एक संध्याकाळही देता येत नसेल तर? त्यात कमीपणा नाही, शेतकऱ्याला शंभर कामं असतात. मग एकेकटा शेअर घेऊ नये. निफ्टीच्या पन्नास मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे टाकणारे इंडेक्स फंड असतात, त्यांचा खर्चही कमी असतो. बाजार पडला की तेही पडतात, पण एका मालकाच्या लबाडीने शून्य होत नाहीत.

आणि ऑप्शन-फ्युचरमध्ये हात घालणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथं कंपनीच्या अभ्यासाचा प्रश्नच उरत नाही. सेबीच्या पाहणीनुसार २०२४-२५ या वर्षात तिथं व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९१ सामान्य लोकांना तोटा झाला. एकूण तोटा एक लाख कोटी रुपयांच्या वर.

थोडक्यात, मोबाईलमध्ये जपून ठेवा

• कंपनी काय करते ते दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर घेऊ नका.
• प्रमोटरचा हिस्सा आणि तारण दर तीन महिन्यांनी बघा. घेतल्यानंतरही बघत राहा.
• नफ्याबरोबर हातात आलेला पैसा बघा.
• रेटिंगची कारणं आणि ऑडिटरचा शेरा वाचल्याशिवाय पैसे टाकू नका.
• सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, ते सेबीच्या वेबसाईटवर तपासा. ‘हमखास परतावा’ म्हणणारा नोंदलेला असला तरी त्याच्यापासून लांब राहा. तसं म्हणायची परवानगीच नाही.
• एका कंपनीत सगळे पैसे नकोत. कर्ज काढून तर मुळीच नको.
• शंका असेल तर सेबीची मोफत हेल्पलाईन १८०० २२ ७५७५. तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर करता येते. खोट्या अ‍ॅपवर पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

रान घेताना एखादा म्हणाला, “सातबारा कशाला बघता, माझ्यावर विश्वास नाही का?” तर आपण काय करतो? हसतो, चहा पितो आणि उठतो. शेअरच्या बाबतीतही उठायला शिकलं पाहिजे. न घेतलेल्या शेअरनं आजवर कुणाचं घर बुडवलेलं नाही.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात उल्लेख केलेला कोणताही शेअर किंवा फंड घ्यावा अथवा विकावा, असा सल्ला यातून दिलेला नाही.)